आरसा नसलेली केरसुणी

एदिर्ने,
जूनचा शेवटचा आठवडा

प्रिय नूर्तेन,

तुझा रक्तदाब आता कसा आहे? गोळ्या वेळेवर घेतेस ना, की लहानपणी कडू औषध ओतायचीस तशा कुंडीत टाकतेस? जेलालचा गुडघा काय म्हणतो? जिना उतरताना कठडा धरायला सांग त्याला. धाकट्या बोराचा खोकला थांबला का? त्याला कोमट दूध आणि मध दे. डॉक्टर हसले तर हसू देत. एझगीची तेवढी चौकशी करत नाही, कारण परवापर्यंत ती माझ्यासमोर बसून कलेजी खात होती.

आता हातातला चहाचा पेला खाली ठेव आणि बसून वाच.

तुला न सांगता आली म्हणे पोर. मंगळवारी सकाळी अली पाशा बाजारात आपल्या केरसुण्यांच्या दुकानासमोर उभी राहिली. खांद्याला पिशवी, गळ्यात कॅमेरा. मला वाटलं, उन्हाळ्यात येतात तसली कुणी पाहुणी. म्हणाली, "काका, गाव बघायचंय, सुरुवात कुठून करू?" शेजारचा कॉफीवाला हालिम तुला आठवत असेल. जिभेला हाड नाही त्याच्या अजून. तो लगेच ओरडला, "रिफत उस्तादला नेऊ नकोस बेटी, प्रत्येक दगडाशी थांबून त्याचा जन्म सांगेल!" मी म्हटलं, "तू तुझी कॉफी उतू घालव." आणि दुकान त्याच्याच भरवशावर टाकून निघालो.

तुंजा नदीच्या पुलावर गेलो. वेड्यांवर पाण्याच्या आवाजाने आणि संगीताने उपचार करायचे तो जुना दवाखाना दाखवला. तिथल्या कारंज्याशी ती बराच वेळ नुसती बसून राहिली. तूही तशीच बसायचीस. तुझी आई गेली त्या वर्षी दर शुक्रवारी हट्टाने तिथे न्यायला लावायचीस. पण पोरीला तशी बसलेली बघूनही माझ्या डोक्यात काही आलं नाही बघ.

मग सेलिमिये मशिदीत गेलो. मधल्या चौथऱ्याच्या संगमरवरी खांबावर ते उलटं ट्युलिप कोरलंय ना, ते दाखवून मी सवयीने सुरू झालो. इथे एका हट्टी म्हाताऱ्याची ट्युलिपची बाग होती, मशिदीला जागा देईना, शेवटी दिली, पण त्याच्या आडमुठेपणाची खूण म्हणून फूल उलटं कोरलं, वगैरे. पोरीने ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाली, "आई सांगते, तो म्हातारा आपल्याच घराण्यातला."

नूर्तेन, ही थाप मी जगात एकाच माणसाला मारली होती. खांद्यावर बसवून, ते फूल बोटाने दाखवत. मी खांब धरला. ती म्हणाली, "आजोबा, पडू नका हं, इतका म्हातारा माणूस मला उचलवणार नाही." बोलणं थेट तुझं.

दुकानात परत आलो तर तिचं लक्ष छताजवळच्या खिळ्याकडे गेलं. "बाकी सगळ्या केरसुण्यांना आरसे आहेत, ही एकटी आंधळी का?" हालिम उगाच पेले विसळायला लागला. मी तिला अर्धंच सांगितलं. आमच्याकडे लग्नात मुलीला आरशाची केरसुणी देतात, केर काढताना सासू पाठीमागे तोंड वाकडं करते का ते बघायला, असं बायका हसत म्हणतात. पोटभर हसली. उरलेलं तिला सांगितलं नाही, तुला सांगतो.

ती केरसुणी तुझी आहे. तू पंधरा वर्षांची असताना बांधली. लाल दोरा, निळे मणी. तू जेलालशी लग्न करून जर्मनीला निघालीस त्या दिवशी मी म्हणालो, या दारावरून गेलीस तरी थांबू नकोस. आणि तू गेल्यावर आरसा उचकटून काढला. माझं ऐकलंस एवढं एकदाच, आणि सव्वीस वर्षं ऐकत राहिलीस. दर ऑगस्टात जर्मनीहून तुम्हा लोकांच्या गाड्या कापिकुलेच्या सीमेवरून येतात. मी हवा खायला म्हणून रस्त्याच्या कडेला उभा राहायचो आणि जर्मन नंबरपाट्यांच्या गाड्यांच्या काचांत बघायचो. एझगी सांगत होती, एदिर्ने आलं की तू मान दुसरीकडे वळवतेस. म्हणजे मी उभा असायचो त्याच्या उलट बाजूला, असं मी समजून घेतलं.

त्या दिवशी मी चुकलो, पोरी. तुझ्याच शाळेच्या वह्यांवर मी अक्षरं गिरवायला शिकलो, पण हे एक वाक्य लिहायला इतकी वर्षं लागली.

आता खरं काम. एझगी हिवाळ्यात लग्न करतेय आणि तिला माझ्या हातची केरसुणी हवी आहे. गवत भिजत घातलंय. पण आई रिकाम्या हाताने सासरी गेलेली असताना लेकीची कशी बांधू? हात चालत नाही. म्हणून काल तुझ्या केरसुणीला नवा आरसा बसवला. टपालाने पाठवणार नाही, काच आहे. तुलाच येऊन न्यावी लागेल. जेलाललाही आण, त्याच्यासाठी तिखट मिरच्या तळून ठेवतो.

एक ओळ लिहिलीस तरी पुरे, पण लवकर लिही. तारीख तेवढी कळव. रस्त्याच्या कडेला उभं राहणं आता पायांना झेपत नाही. या वर्षी दारात खुर्ची टाकून बसतो.

तुझाच,
उलट्या फुलाचा म्हातारा,
बाबा