बुटकं टेबल आणि माझी बाकीची मालमत्ता

मी, पूल पार्लरची मालकीण, खाली सही करणारी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. बिघाड पोटात आहे आणि त्याचं ऑपरेशन गुरुवारी आहे. कुणी दमदाटी केलेली नाही, माझ्यावर करून कोण सुटेल. शाळा चौथीत सुटली, तेव्हा अक्षर सोसून घ्यावं. वकीलबाई म्हणतात, मुद्द्याचंच लिहा. मुद्द्याचंच लिहिते आहे, मुद्दा लांब आहे.

१. राहती खोली, पार्लरची जागा, बँकेत उरेल ती शिल्लक आणि माझ्या कानातलं, हे सगळं माझ्या एकुलत्या एक मुलीचं. तिने लग्न करावं की करू नये यावरून कुणी तिचा हक्क अडवू नये.

२. माझ्या मयत नवऱ्याची सुतारकामाची हत्यारंही मुलीचीच. धाकट्या भाऊजींनी ती मागितली होती. त्यांना मी शिडी देते. नेली तेव्हा संध्याकाळी परत आणतो म्हणाले होते, मुलगी तेव्हा रांगत होती. आता शिडी कायद्याने त्यांची झाली, निर्धास्त चढावं.

३. आता टेबल, काठीने चेंडू मारून पूल खेळतात ते. ‘वहिनी, तुम्ही सोन्यावर बसून चहा विकताय,’ असं भाऊजी कायम ऐकवत आले. टेबल अँटिक आहे, विकून पैसे घरात वाटावेत, हे त्यांचं म्हणणं. माझं दुखणं निघालं तशी मुलगीही घाबरली आणि मला न विचारता तिने जुन्या सामानाचा एक पारखी बोलावला.

तो आला आणि इस्त्रीच्या शर्टासकट टेबलाखाली आडवा झाला, तेव्हाच मला पटला. लाकडाला नख लावलं, बोल्ट चोळून पाहिले, हिरव्या कापडाखालच्या दगडावर टिचक्या मारून ऐकलं. म्हणाला, अस्सल महोगनी, शंभरी कधीच ओलांडलेली, बोटीने आलेलं टेबल. भाऊजी खुर्चीत सावरून बसले. मग त्याने बॅटरी मागितली आणि मला खाली बोलावलं. चौकटीवर एक शिक्का डागलेला होता, ओळखता का म्हणाला. माना गुंफलेले दोन हंस. ओळखणार नाही तर काय. लग्नाआधी मी एका क्लबात ग्लास धुवायचे, प्रत्येक ग्लासवर हेच हंस होते.

माझा नवरा त्याच क्लबात खुर्च्या दुरुस्त करायचा. दुपारी मेंबर लोक जेवून पेंगायला लागले की तो मला खेळायला शिकवायचा. टेबल माझ्या छातीला लागायचं. मी स्टुलावर चढून खेळायचे, तो स्टूल धरून उभा. पुढे क्लब मोडला, सामान विकलं गेलं. मी बाळंतपणाला आईकडे गेले होते ती परत आले, तर पार्लरमध्ये हे टेबल मांडलेलं. कुठून आणलंस विचारलं, तर म्हणाला, मिळालं, बुटकं म्हणून स्वस्तात. मला खरं वाटलं. क्लबातलं टेबल डोंगराएवढं होतं, हे तर मला बरोब्बर बसायचं. गिऱ्हाइकं कंबर धरून कुरकुर करायची. त्यांना तो सांगायचा, जमीन खचली आहे.

पारख्याने टेप लावली, पायांपाशी बराच रेंगाळला.

“बाई, हे पाय कुणी कापले?”

आठही पाय एका मापात कापलेले, तळाचे पितळी बूट काढून पुन्हा बसवलेले. हात सुताराचा आहे म्हणाला, आणि लाकूड काय मोलाचं आहे ते कळणाऱ्याचा. पाय शाबूत असते तर या टेबलात एक घर आलं असतं. आता नुसता लाकडाचा आणि दगडाचा भाव. भाऊजींनी कपाळ धरलं. दादाने वेड्यासारखं केलं म्हणाले. मुलगी मात्र माझ्याकडे बघत होती.

“आई,” ती म्हणाली, “जरा टेबलाला लागून उभी राहा.”

राहिले. काठ बरोब्बर माझ्या कमरेला लागला.

तेव्हा कळलं असतं तर मी त्याच करवतीने त्याचे कान कापले असते. म्हणूनच सांगितलं नसेल. आता कळलं, तर भांडायला तो नाही.

भाऊजींनी लगेच तोड काढली. पायांना तुकडे जोडू, पॉलिश मारू, घेणाऱ्याला कशाला सांगायचं. पारखी म्हणाला, तसं केलंत तर बरीच किंमत येईल, पण माझी सही मिळणार नाही. माझीही मिळणार नाही. टेबल मुलीचं. ते विक म्हणून कुणी तिच्या मागे लागू नये. तिलाच विकावंसं वाटलं तर खुशाल विकावं, पण पाय कुणी आणि कुणासाठी कापले, हे घेणाऱ्याला आधी सांगावं.

४. हे कलम फक्त मुलीला. तू बापावर गेलीस, ताडमाड. त्या टेबलावर वाकून वाकून कमरेला पट्टा बांधतेस आणि मला सांगतेस, पोतं उचललं. मला दिसत नाही का. मी गेले तर पायांखाली ठोकळे घाल, तुझ्या मापाचे. बाप असता तर त्यानेच घातले असते, तुला न सांगता. पण मी परत आले, तर टेबलाला हात लावायचा नाही. मला अजून खेळायचं आहे.

लिहून ठेवणारीची सही: केली आहे, वाचता येत नसेल तर मला विचारा.

साक्षीदार: १. शेजारचा चष्मेवाला (लिहिताना मी रडले म्हणतो, तेवढं सोडून त्याची साक्ष खरी धरावी).
२. समोरच्या दवाखान्यातल्या नर्सबाई.

ठिकाण: पूल पार्लर, खिडकीकडचा बाक.
दिनांक: १२ नोव्हेंबर, मंगळवार.