हूं की चूं

उम्म अल कुवैन
२३ नोव्हेंबर २००९

चि. अनू,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. आपल्या वरदच्या कंपनीने अर्धी माणसं काढली, हा राहिला. म्हणून दोघांचं काम एकटा ओढतो आणि रात्री घरी येऊन कुणाशी बोलत नाही. तुझ्या अथर्वला म्हणावं, आजीशी मराठीत बोल. "आय ॲम फाइन, आजी" हे काय बोलणं झालं?

तू भावाकडे धाडलेला निरोप पोचला. "फ्लूची साथ आहे, आईला माझ्या बाळंतपणाला पाठवू नकोस." चौतीस वर्षं प्रसूतिविभागात काढलेल्या बाईला साथीची भीती घालतेस? तुझं बर दुबई इथून तासाभरावर. तरी पत्र लिहितेय, कारण फोनवर मी बोलत सुटते आणि तू "हं, हं" करून ठेवून देतेस.

गेल्या गुरुवारी शेजारची उझमा अडली. रत्नागिरीची पोर, दुसरी खेप. नवरा शौकत, त्याची नोकरी उन्हाळ्यातच गेलेली. त्यानेच आम्हाला हॉस्पिटलला नेलं. दारावरचा शिपाई म्हणतो, "खलास, मदाम. फ्लू. वन लेडी ओन्ली." नवऱ्याला बायकोजवळ बसू देणार नाहीत, आणि हा मात्र येईल त्याच्या कपाळाला ताप मोजायचं यंत्र लावत फिरतोय! मी त्याला कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत असं सुनावलं, की शेवटी तो मलाच "सर" म्हणाला. शौकत राहिला बाहेरच.

आत सगळ्यांच्या तोंडाला मास्क, नुसते डोळे. उझमा भिंतीकडे बघत पडून राहिली. तीन-तीन मिनिटांनी कळा, पण हूं नाही की चूं नाही. मी तिच्या केसांवरून हात फिरवला. "शहाणी ग माझी! याला म्हणतात पेशंट."

तिथली मिडवाइफ अन्वरी, श्रीवर्धनची, तुझ्याच वयाची. ती म्हणाली, "मावशी, शहाणी नाही, घाबरलीय ती. श्वास रोखून धरलाय बघा."

हे मला तिने शिकवावं! रागच आला.

अन्वरी पार दारापर्यंत मागे गेली, मास्क खाली केला आणि हसली. "उझमा, ही मी. आता तोंड झाकते, पण माणूस हीच." मग जवळ येऊन बसली आणि विचारलं, "पहिल्या वेळी काय झालं होतं?" उझमा भिंतीकडेच तोंड करून बोलली. तेव्हा एकीने तिचं तोंड दाबलं होतं, दुसरीने पाय. मूल गेलं. त्या दोघींचेही डोळेच तेवढे दिसत होते.

तपासण्याआधी अन्वरीने विचारलं, "हात लावू?" उझमा म्हणाली, "नको." आणि ही बाई चक्क हात मागे घेऊन थांबली.

"अगं, विचारत बसलीस तर मूल कधी व्हायचं?"

"बाळाचे ठोके छान आहेत, मावशी. घाई कुणाला आहे?"

दहा-बारा मिनिटांनी उझमाच म्हणाली, "आता बघा." पुढच्या कळेला ती अशी ओरडली, की खाली शौकतलाही ऐकू गेलं असेल. माझ्या तोंडून "आवाज" एवढंच निघालं. अन्वरीने माझ्याकडे बघितलं. मी खोलीबाहेर गेले. मुलगी झाली तेव्हा मी कॉरिडॉरमध्ये होते.

अनू, अथर्वच्या वेळी तू "आई ग" म्हणालीस. मी युनिफॉर्ममध्ये होते, हाताखालच्या चौघीजणी बघत होत्या. मी म्हटलं, "इथे मी आई नाही, सिस्टर आहे. आवाज नको." त्यानंतर अकरा तास तू तोंड उघडलं नाहीस. बारशाला मी येईल त्या बाईला सांगत होते, माझ्या लेकीने हूं की चूं केलं नाही. तू पाळण्याजवळून उठून आत गेलीस. मी म्हटलं, दमली असेल.

शाळेत गप्प बसणारीला बक्षीस असायचं, मला ते दरवर्षी मिळालं. ही सबब नाही. मी किती जणींना "शहाणी" म्हणून गप्प केलं, ते आठवायला बसवत नाही.

सहा वर्षांत तू मला एकदाही "आई" अशी हाक मारलेली नाहीस. हे मला ठाऊक होतं. फ्लूचं निमित्त आपल्या दोघींच्याही सोयीचं झालं.

जावईबापूंना, प्रकाशरावांना, तुझ्याजवळ आत राहू देणार का, ते हॉस्पिटलला आत्ताच विचारून ठेव. पत्राच्या मागे अन्वरीचा नंबर लिहिला आहे. तिच्याशी एकदा बोल. मी तुझ्याजवळ नको असेन, तर नको. अथर्वला सांभाळायला येईन, दोन वेळचं रांधेन, आत डोकावणार नाही. तेही नको असेल तर तसं सांग. फक्त वरदकडे निरोप नको, मला सांग. ओरडून सांगितलंस तरी चालेल.

तुझा "येऊ नको" कळल्यावरही मी बॅग भरून ठेवली होती. आज सगळे कपडे काढून परत कपाटात लावले.

तुझी
आई