रीवा कायमची माहेरी आली

स्लेट रन, वेस्ट व्हर्जिनिया
२ ऑक्टोबर २०१८

चि. रीवास,
डेल्फियाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. यातलं विशेष एवढंच, की तुला इथे यायचं आहे. बाकीचं पत्र म्हणजे त्याचं पाल्हाळ.

पुढच्या शनिवारी चर्चच्या अंगणात तांब्याची मोठी कढई चढणार आहे. सफरचंदाचा गर दिवसभर आटवायचा, आणि सगळ्यांनी आळीपाळीने ढवळायचा. तुझा डावा हात गेला असला तरी उजवा आहे ना? मग लाकडी दांडा धरायला काय हरकत आहे? अर्धांगवायूच्या आजारपणानंतर तू एकदाही इकडे आलेली नाहीस. माझा एमरी गाडी घेऊन येईल. पायऱ्या कशा चढणार अशी काळजी करू नकोस. तो आणि त्याचा मित्र तुला चाकांच्या खुर्चीसकट उचलतील. एमरी म्हणतो, मी फ्रिज चढवलेत, फक्त फ्रिज इतका बोलत नाही.

माझ्या गुडघ्याचं तेच आहे. कान तर पार गेले, म्हणून फोन करू नकोस, पत्रच लिही. शुक्रवारच्या ‘रेकॉर्ड’ पेपरात माझी ‘स्लेट रनची खबरबात’ अजून चालू आहे. कुणाकडे कोण जेवायला आलं, कुणाची गाय व्याली, कुणाचं ऑपरेशन झालं, सगळं असतं. पण आता लोक सदर वाचतात ते तळाच्या चौकटीसाठी. थंडीतल्या गॅसच्या बिलाला सरकारी मदत मिळते तिचे अर्ज कधी सुटणार, अग्निशमन केंद्रात धान्याचे खोके कुठल्या वारी वाटणार, ते मी तिथे देते. ग्लेनाचा नवरा मला सांगतो की अक्षरं मोठी छापा, आणि मग खोक्यांच्या रांगेत टोपी डोळ्यांवर ओढून उभा राहतो, मला दिसू नये म्हणून. यंदा चौकट इतकी वाढली की जेवणावळींना जागाच उरत नाही.

लवकर कळव. लोभ तुझ्यावर होताच, आता तो स्वयंपाक करून वाट बघत बसला आहे.
तुझी,
डेल्फिया

टॅनर्सबर्ग, ओहायो
३० ऑक्टोबर २०१८

ती. डेल्फीताईस,
रीवाचा सा. न. वि. वि. घरी नीट पोचले. एमरीने वाटेत तीनदा विचारलं, मावशी, बरी आहेस ना. शेवटी मी म्हटलं, तू समोर बघून गाडी चालवलीस तर बरी राहीन.

दोन आठवडे कसे गेले कळलं नाही. तुझ्याकडच्या चुलीजवळच्या खुर्चीत बसले की आपली आई मागे भांडी आवरते आहे असं वाटायचं. निघताना बूट नीट बसत नाही म्हणून मी उगीच वेळ काढत होते, ते तुझ्या लक्षात आलं असणारच. तू काही बोलली नाहीस, बरं केलंस. बोलली असतीस तर मी उठलेच नसते.

दुसऱ्याच दिवशी ट्वायला आली. तिने मला अंघोळ घातली, पांघरुणं बदलली, आठवड्याचं सूप करून ठेवलं. ताई, तू विचारत होतीस की ही सरकारी बाई एवढी कशाला जपतेस. अगं, ती सकाळी येते म्हणून मी माझ्या घरात आहे. ती नसेल तर मला म्हाताऱ्या-अपंगांच्या नर्सिंग होमची खाट. तिचा पगार ओहायो देतं, आणि तो ओहायोत राहणाऱ्यांनाच. माझा नंबर लागायला किती वर्षं गेली ते तुला ठाऊक आहे. तुझ्याकडे येण्याआधी मी ऑफिसात कळवलं होतं. पाहुणी म्हणून गेलं तर चालतं म्हणाले.

तू पाठवलेलं कात्रण मिळालं. “रीवा कॅनफिल्ड कायमची माहेरी आली. स्लेट रन तिचं मनापासून स्वागत करतं.” कायमची? इतकी वर्षं गावच्या बातम्या देतेस, कुणाच्या गायीला एक शिंग जास्त लावलं नाहीस, आणि खोटं लिहिलंस ते माझ्यावर! कात्रण फ्रिजवर लावलं आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. पेपरात नाव माझ्या लग्नानंतर आत्ताच आलं.

गुडघ्याला तेल चोळत जा. लोभ आहेच, त्याला कुणाची मंजुरी लागत नाही.
तुझी,
रीवा

टॅनर्सबर्ग
२१ नोव्हेंबर २०१८

ती. डेल्फीताईस,
सा. न. वि. वि. हे पत्र वाचून तू हातपाय गाळू नकोस, हे आधी सांगते.

मदतीच्या ऑफिसातली मुलगी वर्षाच्या तपासणीला आली होती. गोड मुलगी आहे. पाय सुजलेत का, पडलात का, सगळं आपुलकीने विचारलं. जाताना मीच तिला कौतुकाने फ्रिजपाशी नेलं. म्हटलं, बघ, माझं नाव पेपरात आलंय, माझ्या बहिणीने लिहिलंय. तिने वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग मला विचारून फोनवर फोटो काढला. मला वाटलं, तिला आवडलं.

काल नोटीस आली. मी राज्य सोडून गेले आहे, सबब मदत बंद. ट्वायलाचा शेवटचा दिवस शुक्रवार. ती रडली, मग चिडली, मग म्हणाली की मी फुकट येईन. पण तिला लगेच दुसरं घर दिलं आहे, आणि तिच्या पदरात मुलं आहेत. कसं येईल?

मी फोन करून सांगितलं की मी इथेच आहे, माझ्याच फोनवरून बोलते आहे. पलीकडची बाई म्हणाली, मग पेपरात कुणी छापलं? मी म्हटलं, माझ्या सख्ख्या बहिणीने. तर म्हणते, मग त्यांना माहीत असणारच.

दाद मागता येते म्हणे. सुनावणी फोनवर होईल. सध्या शेजारीण दुपारी एकदा डोकावते. सकाळी मी पडून राहते. ताई, तुझ्यावर राग नाही. दाखवलं मीच.

लोभ असू दे, आणि जेवत जा.
रीवा

स्लेट रन
२६ नोव्हेंबर २०१८

चि. रीवास,
आशीर्वाद कुठल्या तोंडाने लिहू? तरी लिहिते, कारण दुसरं काही माझ्याकडे नाही.

आधी कामाचं. पुढच्या शुक्रवारी खुलासा छापून येतो आहे. चर्चच्या जेवणाची बातमी काढून तिथे घालायला लावला. “रीवा कॅनफिल्ड या ओहायोच्या रहिवासी असून दोन आठवड्यांच्या पाहुण्या होत्या, चूक लेखिकेची.” त्याची कात्रणं ऑफिसला, तुला आणि सुनावणीच्या पत्त्यावर पाठवते.

मग मी एमरीला घेऊन आमच्या इथल्या मदतीच्या ऑफिसात गेले. तुला इकडे आणलं तर काय, असं विचारलं. तिथला माणूस मला ओळखतो, त्याच्याच तारखा मी चौकटीत छापते. तो म्हणाला, आणा की, पण घरी बाई मिळायची तर यादीच्या शेवटी नाव लागेल, आणि यादी वर्षानुवर्षांची आहे. तोवर तुला उचलणार कोण? एमरी ट्रकवर गेला की चार-चार दिवस परतत नाही. मला तर दुधाची कॅन उचलवत नाही. रात्रभर मी चुलीपाशी तुझी खाट कुठे लागेल ते मोजत होते. खाट मावते गं. पण तुला त्यात घालणारं नि काढणारं कुणी नाही. आपल्या दोन राज्यांमधल्या नदीच्या दोन्ही काठांना तू परकी झालीस, आणि ते मी केलं.

कायमची का लिहिलं ते तुला सांगायलाच हवं. चर्चमध्ये जो तो विचारत होता, रीवा आता राहणार ना? मी प्रत्येकाला नाही म्हणत होते. बुधवारी सदर लिहायला बसले तेव्हा वाटलं, एकदा तरी हो म्हणून बघावं. छापलेलं कसं दिसतं ते बघावं. एवढंच होतं.

आता नीट ऐक. सुनावणीत तू सगळं माझ्यावर ढकल. म्हातारी आहे, कान गेलेत, डोकंही ठिकाणावर नाही, मनाला येईल ते लिहिते, असं सांग. ते विचारतील तुमचा तिकडे राहण्याचा विचार होता का. तू ‘नाही’ म्हणायचं. एवढा एकच शब्द. त्यापुढे काही बोलू नकोस, तुला बोलायची फार खोड आहे.

तुझं उत्तर येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरणार नाही.
तुझी अभागी,
डेल्फिया

मेपलहर्स्ट नर्सिंग होम, टॅनर्सबर्ग
११ जानेवारी २०१९

ती. डेल्फीताईस,
सा. न. वि. वि. पत्ता बदललेला बघून तुला सगळं कळलंच असेल.

तुझा खुलासा पोचला होता. सुनावणीचे साहेब वाईट नव्हते. आवाजावरून आपल्या क्लाइडकाकांसारखे वाटले. त्यांनी दोन्ही कात्रणं वाचून दाखवली आणि म्हणाले की एकाच पेपरचं एकाच लेखिकेचं लिखाण आहे, पहिलं खरं मानू की नोटीस निघाल्यावर आलेलं दुसरं? मी म्हटलं, दुसरं. माझी बहीण म्हातारी झाली, असंही म्हटलं. इथवर तू सांगितलंस तसंच केलं.

मग ते म्हणाले की कात्रणं राहू द्या. कायद्याने माणूस कुठला, तर जिथे कायमचं राहायचं त्याच्या मनात असतं तिथला. त्यांनी मला उजवा हात वर करायला सांगितलं. फोनवर कोण बघतंय? पण मी केला. मग त्यांनी विचारलं, “कॅनफिल्डबाई, तुम्ही बहिणीकडे होता तेव्हा तिथेच कायमचं राहावं असं तुमच्या मनात होतं का?”

तुझा तो एक शब्द तोंडाशी होता. ताई, तो अडला तो शपथेमुळेच नव्हे. आईच्या शेवटच्या दिवसांतही मी तिकडे राहिले नाही, कुणी विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला विचारत होतं की तुला कुठे राहायचं आहे. मला नाही म्हणवलं नाही. मी म्हटलं, “होतं. रोज होतं.”

त्यांनी माझं उत्तर मोठ्याने म्हणत लिहून घेतलं. मग म्हणाले की मला वाईट वाटतं, पण मदत बंदच राहील.

पुन्हा अर्ज करता येतो, रांगेच्या शेवटून. तोवर इथे. खोलीत आणखी एक बाई आहे, ती माझ्याशी बोलत नाही, भिंतीशी बोलते. घराची किल्ली मालकाला दिली. खिडकीतून गाड्या उभ्या करायची जागा दिसते. रस्त्यावर बर्फ आहे, एमरीला पाठवू नकोस, आणि तू तर येऊच नकोस. आलीस तर तुला परत जाताना बघावं लागेल.

तू खोटं छापलं नव्हतंस, हे मात्र लक्षात ठेव. छापल्यावर ते इथल्या लोकांनी खरं मानलं, आणि मीही मानलं.

लोभ ठेव. तो ठेवायला आता एवढीच खोली आहे, पण ठेव.
तुझी,
रीवा