ताईच्या मेंदूतला निळा डाग

सोमवार, ४ मार्च
आज एमआरआय मशीनवर चौदा पेशंट. उभं राहून माझे पाय सुजलेत. अकरावा पेशंट — ताई!

गाठ काढून दीड वर्ष झालं, रेडिएशन संपूनही वर्ष उलटलं. गेल्या आठवड्याच्या एमआरआयमध्ये त्याच जागी पांढरा डाग. गाठ परत आली, की रेडिएशननं मेलेला भाग? साध्या चित्रात दोन्ही सारखेच दिसतात. फरक रक्ताचा. वाढती गाठ रक्त ओढते, मेलेल्या भागात ते जेमतेम असतं. म्हणून आज रक्त मोजायचं. शिरेतून औषध जोरात सोडायचं, ते मेंदूतून जाताना चित्र काळवंडतं. जितकं काळवंडेल तितकं रक्त. दोन मिनिटांचा खेळ, पण हलायचं नाही.

ताईच्या शिरा केमोनं पार गेल्यात. तीनदा टोचलं. "बारक्या, कसला सूड उगवतोयस रे?" मी शेहेचाळीस वर्षांचा आहे. अजून बारक्याच!

खरं तर आधी एक छोटा डोस देऊन थोडं थांबायचं असतं. शीर फुगेल अशी भीती वाटली. तो गाळला. एकदाच सोडलं आणि सुटलो.

मंगळवार, ५ मार्च
रक्ताचा नकाशा काढला. डाग निळा! म्हणजे रक्त कमी. शेजारच्या चांगल्या भागाला एक धरलं तर इथे ०.८.

रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टरीणबाई गुरुवारपर्यंत रजेवर. त्यांच्या आधी पेशंटला काही सांगायचं नाही, हा नियम मीच नव्या पोरांना शिकवतो. संध्याकाळी ताईचा फोन. "आठ दिवस डोळ्याला डोळा नाही. सांग ना रे!"

बोलून गेलो — निळा आहे, काळजी नको.

पलीकडे भावोजी नाक शिंकरत होते.

बुधवार, ६ मार्च
भावोजींचा मेसेज: ताई दहा तास झोपली.

शुक्रवार, ८ मार्च
डॉक्टरीणबाई आल्या. मॉनिटरवर माझा नकाशा उघडला. "आधीचा डोस दिला नव्हता?"

"नाही."

"मग हा आकडा कसा धरायचा? गळक्या रक्तवाहिन्यांतून औषध झिरपलं की रक्त आहे त्याहून कमी दिसतं. आधीचा डोस त्यासाठीच असतो. तुम्हाला मी सांगायचं?"

नाही. बावीस वर्षं माहीत आहे. तरी निळा रंग दिसला आणि पुढचं काही सुचलंच नाही.

सोमवारी पुन्हा करा म्हणाल्या. "पेशंटला काही बोलला नाहीत ना?"

नाही म्हणालो. खोटं!

शनिवार, ९ मार्च
ताईकडे गेलो. ती स्टुलावर उभी राहून धुतलेले पडदे लावत होती. गाणं गुणगुणत. खाली उतर म्हणालो, आणि सगळं सांगितलं. डोस गाळल्याचंही.

"म्हणजे निळा नाही?"

"माहीत नाही, ताई."

पडद्याच्या कड्या एकेक करून डब्यात टाकत बसली. मला वाटलं, हाकलून देईल. मग म्हणाली, "चार रात्री झोपले. त्या काही तुला परत घेता येणार नाहीत." डबा बंद करत, "यांना सोमवारपर्यंत सांगू नकोस. आणि टोचायचं तूच. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही मी."

जिन्यात बसून रडलो. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी पाणी आणून दिलं. काय झालं, विचारलं नाही.

सोमवार, ११ मार्च
शीर पहिल्याच फटक्यात मिळाली. छोटा डोस दिला, सहा मिनिटं थांबलो, मग मोठा. ताई दगडासारखी पडून. नकाशा मी काढला नाही. फाइल तशीच डॉक्टरीणबाईंकडे पाठवली.

मंगळवार, १२ मार्च
लाल. २.९. गाठच.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लहान आहे, कडेला आहे, काढता येईल. निळ्यावर विसंबून आणखी तीन महिने गेले असते, तर काढता आली नसती. गुरुवारी ऑपरेशन.

"बरं," ताई म्हणाली, "आधी जेवून घेते. सकाळपासून उपाशी आहे." आम्ही तिघं कॅन्टीनमध्ये गेलो. तिनं दोनदा वाढून घेतलं. भावोजींचं आणि माझं ताट तसंच राहिलं.