पहिल्या धारेचा मान

मडगाव, गोवा

प्रिय आक्का, नमस्कार.

मी बरा हाय, जेवणखाण येळेवर हाय. काळजी करू नको.

काल हॉटेलानं आम्हा वेटरांना जिन दारूच्या एका छोट्या कारखान्यात नेलतं, चव कळावी म्हणून. तांब्याची भट्टी, लिंबाच्या सालीचा वास, सगळं झ्याक. पण पहिली धार आली तशी त्यांनी ती बादलीत धरून बाजूला ठेवली. मी विचारलं, "ही आधी कुणाला?"

दाखवणारा म्हणाला, "कोणालाच नाही. ही ओतून देतो. यात विष उतरतं, डोळे जाऊ शकतात."

मी हातातला ग्लास खाली ठेवला. आक्का, गावाबाहेरच्या हातभट्टीवर आपल्या आप्पांना वडीलधारे म्हणून पहिल्या धारेचीच देत्यात न्हवं?

घरचा फोन आप्पाच उचलतात, म्हणून पत्र लिहितोय. चष्म्याचा नंबर काढू असं सांगून त्यांना लगेच बेळगावला डोळ्याच्या डॉक्टरकडं ने. डॉक्टरपाशी भट्टीचं लपवू नको. तुझ्या ऋतिकाची परीक्षा कशी गेली?

गणपतीला मी दारात आलतो तवा आप्पा म्हणाले, "कोण पाव्हणं?" आपण किती हसलो गं. ती चेष्टा न्हवती, आक्का.

तुझा,
साईराज