हिरव्या तारेचं पाणी

१७ जानेवारी १९९६

फ्रिज आला! बारामतीहून टेम्पोत, गोणपाटात गुंडाळून. पुढं मोटारसायकलवर अनुप, मागं टेम्पो — वरातच जणू. (तोंडानं 'अहो' म्हणते, हितं तरी नवऱ्याचं नाव लिहीन.)

प्लग तीन पायांचा, भिंतीतलं सॉकेट दोन भोकांचं. अनुपनं पक्कड घेतली न् प्लगच कापला. दोन तारा सोलून भोकांत घातल्या, निसटू नयेत म्हणून काडेपेटीच्या काड्या खोचल्या. तिसरी हिरवी तार उरली. "ही कशाची?" म्हटलं, तर "कंपनीवाले जास्तीची देत्यात." चिकटपट्टीनं फ्रिजच्या पाठीला चिकटवून मोकळा. आणि हा माणूस एमआयडीसीत मशीनवर असतो!

१८ जानेवारी

बर्फ झाला. दुपारभर दार उघडून बघत होते.

२ फेब्रुवारी

मामांचं एक नवीनच. सासरे सकाळी अंघोळ करून ओल्या अंगानं येतात आणि फ्रिजला तळहात लावून उभे राहतात. डोळे मिटून, ध्यानाला बसल्यासारखे. आज विचारलंच.

"मुंग्या येत्यात गं. हातातनं पार गुडघ्यापतूर जात्यात." पाटकरी म्हणून यांचा जन्म पाटाच्या पाण्यात उभं राहण्यात गेला, गुडघे तिथंच गेले. "डाक्टरच्या गोळीनं जे झालं न्हाय, ते ह्यानं झालं."

मीही लावून पाहिला. खरंच की. बारीक सळसळ तळहातात शिरते, अंगातनं उतरते, तळपायानं जमिनीत निघून जाते. खोटं कशाला लिहू, आवडलं. तेवढ्यात माझी पिंकी रांगत आली. हात काढून घेतला.

५ फेब्रुवारी

फ्रिजबरोबरचं पुस्तक वाचलं. हिरवी तार जास्तीची नाही. पत्र्यावर उतरलेल्या चुकार करंटाला जमिनीत नेऊन सोडायचं, हे तिचं काम. ती नसली की तो आपल्या अंगातनं वाट काढतो.

दुपारी पडल्या पडल्या तेच डोळ्यापुढं. करंट भिंतीतनं उतरलाय, ओट्याखालनं, बाभळीच्या मुळांखालनं चाललाय, उजनी धरणाच्या पाण्यात शिरून गावच्या बुडालेल्या देवळात जाऊन निजलाय. तिथं माशांची ये-जा. कुणाला काही होत नाही.

दूध उतू गेलं.

६ फेब्रुवारी

अनुपला सांगितलं. "बघू." याचं बघू म्हणजे पुढच्या वर्षी.

२५ फेब्रुवारी

पिंकी धरून उभी राहायला लागली. खाटेचा पाय, माझा पदर, जे हाताला लागेल ते. आज फ्रिजकडं निघाली. मी झडप घालून उचलली, तशी रडून घर डोक्यावर घेतलं.

अनुपला गाडी स्टँडवर लावू दिली नाही. "सगळे बोर्ड बदला, अर्थिंग करा. न्हायतर मी पिंकीला घेऊन लासुर्ण्याला माहेरी चालले." बोलले ते मामा. "बाकीचं बदला. फ्रिजचं ऱ्हाऊ द्या. माझं औषध हाय ते."

मी भडकले. "तुमच्या गुडघ्यांपायी माझं लेकरू —" पुढचं तोंडातच ठेवलं. पण त्यांना कळायचं ते कळलं. ताट तसंच ठेवून उठले. वाईट वाटलं मला, फार वाटलं. पण मागं हटणार नाही.

३ मार्च

इंदापूरचा सावळाराम वायरमन आला. जुनी काळी सॉकेटं निघाली, नवी पांढरी बसली — तीन भोकांची. फ्रिजला जाड पिनांचा नवा प्लग, वेगळं सॉकेट, वेगळं बटण. हिरवी तार पाठीवरनं सुटली न् प्लगच्या तिसऱ्या पिनेला लागली. न्हाणीमागं खड्डा खणून तांब्याची पट्टी पुरली, वर कोळसा न् मीठ. मामा खाटेवरनं म्हणाले, "एवढं मीठ मातीत? जमिनीला सांगा, खाल्ल्या मिठाला जाग म्हणावं."

सावळाराम जाताना बजावून गेला, "वैनी, उन्हाळ्यात खड्ड्याला पाणी घालत जावा. माती सुकली की अर्थिंग धरत न्हाय, मुंग्या परत चालू."

४ मार्च

मामांनी सकाळी फ्रिजला हात लावला. बराच वेळ उभे. मग म्हणाले, "गेल्या." आणि खाटेवर जाऊन बसले.

२० मार्च

रोज तिन्हीसांजेला खड्ड्यात कळशी ओतते. पाणी गुडगुड करत खाली जातं. वाटतं, जमिनीच्या पोटात कुणीतरी घोटघोट पितंय. मी उगीच ऐकत उभी राहते.

१४ एप्रिल

जयंती. नव्या सॉकेटवर दिव्यांची माळ लावली, दारावर निळी-पिवळी झगमग. पिंकी फ्रिजला धरून उभी राहिली, हात सोडला आणि दोन पावलं टाकली! माझ्याकडं नाही, मामांकडं. त्यांनी वाकून उचलली खरी, पण सरळ होताना भिंत धरावी लागली. गुडघे सुजलेत. तेल लावून दिलं तर तोंड भिंतीकडं करून लावून घेतात. सकाळी अजून फ्रिजला हात लावतात. सवय झालीय, दुसरं काय.

५ मे

माहेरी. भावाचं लग्न, घरात पाय ठेवायला जागा नाही. खड्ड्याला पाणी घाला म्हणून कुणालाच सांगून आले नाही, हे आज हळद कालवताना आठवलं.

१७ मे

पळसदेवला परतले. धरणाचं पाणी लांब गेलंय, बुडालेलं देऊळ सगळं उघडं पडलंय. एसटीतनं दिसत होतं, पिंकीला दाखवलं.

घरी आले तर खाट रिकामी. मामा न्हाणीमागं, खड्ड्यापाशी, कळशी ओतत होते. पाणी लांबच्या हापशावरनं आणलेलं. एक हात भिंतीला.

"मामा, गुडघे दुखत असताना तुम्ही कशाला?"

"काल सकाळी मुंग्या आल्या," म्हणाले. "लई दिसांनी. ब्येस वाटलं." कळशी पालथी करून शेवटचं पाणी निथळू दिलं. "मग ध्यानात आलं, उद्या पोर यायची."

आत आले. फ्रिजला तळहात लावून उभे राहिले, डोळे मिटून. "न्हाईत आता," म्हणाले. मगच माझ्या कडेवरची पिंकी खाली उतरवू दिली.