‘सुट्टी मंजूर’चा दुसरा भाग

१२ जानेवारी, रविवार

साताऱ्यात सु.बरोबर तो घोड्यांचा ऐतिहासिक सिनेमा पाहिला. घोड्याने पाय उचलला की ढोल, टेकला की ढोल. सगळं स्लो मोशनमध्ये. साध्या वेगाने चालवला असता तर मध्यंतराच्या आधीच घरी पोचलो असतो. शेवटी राजा कड्यावर उभा, आणि पडद्यावर ‘भाग दुसरा लवकरच’. म्हणजे यांना गोष्ट सांगायचीच नव्हती, तिकीट दोनदा काढायला लावायचं होतं. लोक टाळ्या वाजवत होते. कशासाठी, देव जाणे.

सु. म्हणजे आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर, मेढ्याचे. इथे घरच्या वहीतसुद्धा पूर्ण नाव लिहायचा धीर होत नाही. पाडव्यानंतर रजिस्टर लग्न करायचं ठरलंय. हे फौजेत असताना गेले, त्याला नऊ वर्षं होत आली. आत्तींना, म्हणजे सासूबाईंना, अजून सांगायचंय. तेवढंच तर अवघड आहे.

बाहेर पडताना सु.ला म्हटलं, सिक्वेल म्हणजे संपलेलं उकरून काढायचा धंदा. हसून म्हणाला, “मग माझं काय? मीपण दुसरा भागच की.” स्टँडपर्यंत त्याच्या चार पावलं पुढे चालले.

१९ जानेवारी, रविवार

गावी. एस.टी.त शेजारच्या बाप्याच्या मोबाइलवर मारामारीचा डब केलेला सिनेमा, आवाज फुल्ल. हिरो एक ठोसा मारतो आणि व्हिलन हवेतच. म्हसवड आलं तरी हवेतच. तिसरा भाग आहे म्हणे. पहिल्या दोनांत कोण उरलं होतं मारायचं?

आज आत्तींना सांगायचंच असं ठरवून गेले होते. त्या गोठ्यात मेंढरापाशी. तोंड उघडणार तेवढ्यात बाळूचा फोन.

बाळू ह्यांचा वर्गमित्र. आधी आटपाडीत लग्नाची शूटिंगं करायचा. मग ह्यांच्यावर ‘सुट्टी मंजूर’ काढला, तो चालला, आणि बाळूचा बाळासाहेब झाला.

“वहिनी, पेढं खाऊ घाला. दुसरा भाग करतूय. शंकर परत येतो.”

शंकर म्हणजे सिनेमातले हे.

“तो मेलाय, बाळू.”

“पेटी कुठं उघडली व्हती, वहिनी? तिथंच तर स्कोप हाय!”

फोन बंद केला. आत्ती म्हणाल्या, “कोण गं?” म्हटलं, राँग नंबर.

२० जानेवारी, सोमवार

शाळेत लक्ष नाही. सारखी पेटी डोळ्यांपुढे.

बर्फाखालून काढलेलं शरीर. घरी उघडू दिली नव्हती. पुण्यात फक्त मला दाखवलं होतं, एकटीला. गावी आणल्यावर आत्ती पेटीवर हात ठेवून बसल्या. कुणाचं ऐकेनात. शेवटी माझ्याकडे बघून एवढंच, “त्योच हाय न्हवं?” मी हो म्हटलं. तेव्हा हात काढला. माझ्या एका शब्दावर.

आणि हा तिथे स्कोप शोधतोय.

२ फेब्रुवारी, रविवार

पहिला भाग मोबाइलवर परत पाहिला. रागानेच.

खरं लिहायचं तर मध्यंतरापर्यंत चांगला आहे. शंकर सुट्टीवर येतो आणि मेंढरू कातरायला बसतो, तो तुकडा. कातर चालत राहते, कोणी बोलत नाही, संगीत नाही. विट्याच्या थिएटरात लोक ओरडले होते, “ए, अडकला काय रं पिक्चर!” मला मात्र तेवढ्यापुरतं वाटलं होतं की हे बसलेत. तेव्हा बाळूकडे एकच कॅमेरा, क्रेन नाही, ड्रोन नाही. गरिबीमुळे निवांत झालेला सिनेमा. पैसे असते तर तिथेही ढोल वाजवला असता.

मध्यंतरानंतर सगळी ग्लिसरीनची बाटली. माझ्या जागची नटी केस सोडून माळावरून धावत येते, तिरंग्याला मिठी मारते. मी धावले नव्हते. बातमी आली तेव्हा भांडी घासत होते. उरलेली घासली, पालथी घातली, मग उठले. ते कोण दाखवणार? त्याला वेळ लागतो.

आत्तींनी हा सिनेमा जत्रेतल्या पडद्यावर कितीदा तरी पाहिलाय. दर वेळी मध्यंतर झालं की पदर झटकून उठायच्या. “म्होरलं आपल्याला ठावं हाय.”

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

ह्यांचा स्मृतिदिन. रजा टाकून गावी. हे लिहितानाही हसावं की रडावं कळत नाही.

ह्यांच्या स्मारकाच्या कट्ट्यावर भला मोठा फ्लेक्स. वर्दी, कडक सलाम, मागे बर्फाचे डोंगर, खाली ह्यांचं नाव. आणि फोटो त्या नटाचा! सिनेमातल्या शंकरचा! हनुवटीला खळी असलेला, मुंबईचा.

उपसरपंचांना गाठलं. “आवं वहिनी, साहेबांचा फोटू लय बारका व्हता. मोठा केला की फाटाया लागला. ह्यो कसा उठून दिसतूय बगा. आन् सगळी वळखत्यात ह्येलाच.”

सगळे ओळखतात! ज्यांनी ह्यांना अंगाखांद्यावर खेळवलं ते म्हातारे त्या मुंबईकराला हात जोडत होते. पाहुण्यांनी भाषणात दोनदा “वीर जवान शंकर” म्हटलं. एकानेही दुरुस्त केलं नाही. टाळ्या मात्र पडल्या. नऊ वर्षांपूर्वी माझा नवरा गेला तो गेलाच, आता त्याचं तोंडही गेलं.

हार घालायला आत्तींना पुढे बोलावलं. हार हातात घेऊन त्या फ्लेक्सपुढे उभ्या राहिल्या. खालून वरपर्यंत नीट बघितलं. मग हार कट्ट्याच्या मोकळ्या कोपऱ्यावर ठेवला आणि जागेवर येऊन बसल्या. म्हातारीला दिसत नसेल, असं लोक कुजबुजले.

संध्याकाळी आत्तींनी फ्लेक्स सोडवून घरी आणायला लावला, आणि कोकरांच्या बाजूने गोठ्याला बांधला. “चांगला जाड हाय. वारं लागायचं न्हाई पिल्लास्नी.”

नट सलाम ठोकतोय, खाली कोकरं बॅ बॅ करतायत. पोट धरून हसले. आत्तीही हसल्या. त्या हसण्यातच सांगून टाकायला हवं होतं सु.चं. नाही जमलं.

९ मार्च, रविवार

बाळू साताऱ्यात खोलीवर आला. लांबलचक गाडी, काळा चष्मा, हातात कंदी पेढे. साताऱ्यात येऊन सातारकराला कंदी पेढे देणारा हा पहिलाच.

फोनवर ट्रेलर दाखवला. डोळ्याचं पातं लवेपर्यंत पाच दृश्यं. ड्रोनने दाखवलेला माळ कुठल्या तरी परदेशासारखा. ती नटी नऊ वर्षं वेशीवर रोज दिवा लावते, रोज दोन ताटं वाढते. शेवटी धुक्यातून बूट. आमच्या माळावर धुकं!

“बायका पदर डोळ्याला लावून बाहेर पडतील, वहिनी. म्हंतील, बाई असावी तर अशी.”

मी फोन त्याच्या हातात परत दिला.

“सांगलीला कार्यक्रम हाय, तुमी स्टेजवर पायजे. खरी वीरपत्नी. आन्…” इथे चष्मा काढला. “त्ये सरांचं कानावर आलंय. माझं काय म्हणनं न्हाई. फकस्त पिक्चर लागून जाऊ द्या. मग करा की.”

“तुला कोणी सांगितलं?”

“सातारा केवढं हाय, वहिनी?”

“मी तुझी नटी आहे काय रे?”

“रागावू नका. लोक मला न्हाई बोलनार. तुमास्नी बोलतील.”

हेच झोंबलं. कारण ते खरं आहे. ह्यांची गोष्ट त्याने नेली, चेहरा त्या नटाने नेला, आता माझ्या पुढच्या आयुष्याची तारीखही हाच ठरवणार. पेढ्यांचा बॉक्स त्याच्या गाडीत परत ठेवून आले. सांगलीला जाणार नाही.

१६ मार्च, रविवार

सु.ला सगळं सांगितलं. शांतपणे म्हणाला, “मे महिन्यात करू. आपल्याला कुठे घाई आहे?” त्या समजूतदारपणाचाच राग आला. ओरडले त्याच्यावर, बागेत, लोकांदेखत. घाई नाही कशी? मला आहे घाई. मी नऊ वर्षं स्लो मोशनमध्ये चाललेय.

मग तो म्हणाला, “लोकांचं जाऊ दे. तू घाबरतेस आत्तींना.”

बरोबर आहे. पण त्यांच्या रागाला नाही घाबरत. सिनेमात शंकर परत आला आणि आत्तींनी माझ्याकडे बघितलं तर? हिनं नक्की बघितलं होतं का, असं एकदा जरी त्यांच्या मनात आलं तर? त्यात वर मी दुसरं लग्न करतेय म्हटल्यावर…

पुढे लिहवत नाही.

३० मार्च, पाडवा

गावी. गुढी उभारली. शेजारच्या काकू कडुलिंब मागायला आल्या आणि दारातच सुरू, “रंजना, नशीब काढलंस बग. सिनिमात का हुईना, तुझी वाट बघनी फळाला आली.” सगळ्या गल्लीला तसंच वाटतंय. मी वाट बघत नव्हते, बाई. मी नोकरी करत होते.

आत्ती पुरण वाटत होत्या. अचानक, “कवा लागतोय त्यो?”

“बघू नका आत्ती. थापा आहेत नुसत्या.”

“आसू दे. पडद्यावर का हुईना, यील की घरला.”

मान खाली घालून पोळ्या लाटल्या. सु.चा विषय आजही राहिला.

११ एप्रिल, शुक्रवार

लागला. स्टाफरूममध्ये मोबाइलवर सगळ्यांचे चार-चार स्टार. ‘डोळे पाणावले’, ‘मध्यंतरानंतर जबरदस्त’. एक मॅडम मला म्हणाल्या, तुम्ही किती लकी. त्यांना काय म्हणायचं होतं ते त्यांनाही माहीत नसावं. सु. लांब उभा होता. डबा न खाता निघून गेला.

उद्या गावी. रविवारी आत्तींना विट्याला नेणार. नाही म्हणून बघितलं, त्यांनी इस्त्रीचं लुगडं काढून ठेवलंय म्हणे.

१३ एप्रिल, रविवार

संध्याकाळ. आत्ती शेळीचं दूध काढतायत. विसरायच्या आत लिहिते.

दुपारचा खेळ. हाउसफुल्ल. मध्यंतरापर्यंत नुसती ती नटी आणि तिचे दिवे. एक गाणं दिव्यांवर, एक ताटांवर. कातरीसारखा एक तुकडा नाही, कुठे म्हणून क्षणभर थांबत नाही, आणि तरी संपत नाही. घाई करून कंटाळा कसा आणायचा, हे या लोकांकडून शिकावं.

मध्यंतर झालं. मी सवयीने पिशवी उचलली. आत्ती जागच्या हलल्या नाहीत. “बस. म्होरलं ठावं न्हाई.”

मग तो आला. धुकं, बूट, ढोल. थिएटर उभं राहिलं, शिट्ट्या. पडद्यावरच्या आईच्या हातून परात पडते, पीठ हवेत, स्लो मोशन. तो बायकोच्या कपाळाला हात लावतो, गाणं सुरू. मी पडद्याकडे बघतच नव्हते. आत्तींच्या तोंडाकडे बघत होते. पडद्याचा उजेड त्यांच्यावर पडत होता. डोळे कोरडे. कोकरू विकत घेताना बघतात तसं नीट निरखून बघत होत्या. शेवटची नावं सरकेपर्यंत बसल्या.

बाहेर रसवंतीत बसलो. अर्धा ग्लास पिऊन झाल्यावर विचारलं, “कसा वाटला?”

“लय लांबवलाय.”

एवढंच. चार-चार स्टार देणाऱ्यांना ऐकवायला हवं होतं.

थोड्या वेळाने, “आपला आला की आदी मेंढरं मोजायचा. मग हाक मारायचा मला. ह्यानं गोठ्याकडं बघितलं तरी का?”

“नाही.”

“त्या पोरीला वाट बघायचं पैसं दिलं आसतील न्हवं?”

“दिले असतील की.”

“मग तिनं बघावी.” ग्लास ठेवला, तोंड पुसलं. “तू बघितलं व्हतंस न्हवं तवा? पुन्याला?”

“व्हय आत्ती. तेच होते. मी हात धरला होता त्यांचा.”

“मग झालं.”

रडू आलं, तिथेच, रसवंतीत. आत्तींनी माझा उरलेला रस पिऊन टाकला आणि उठल्या.

एस.टी.त खिडकीपाशी बसल्या. बराच वेळ बाहेरचा माळ बघत होत्या. मला वाटलं, झोप लागली. तर तोंड न वळवता म्हणाल्या,

“मेढ्याला पाऊस लय आसतू म्हनं?”

सु.च्या मेढ्याचं नाव या घरात मी कधी काढलेलं नाही. बाळूने सांगितलं, गावाने सांगितलं की त्यांनीच ओळखलं, विचारायचा धीर झाला नाही.

“लय असतो,” मी म्हटलं.

“मेंढरास्नी सोसायचा न्हाई,” त्या म्हणाल्या. मग गाव येईपर्यंत पुन्हा खिडकीबाहेरच बघत राहिल्या.